हाडांच्या वयात पहिली

नाशिक, ६ जुलै १९८१

चि. लता हीस,

आशीर्वाद नंतर. आधी भांडण.

गेल्या आठवड्यात तू पुण्याहून आलीस, माझ्याच शाळेत चार दिवस राबलीस आणि मला भेटायला आलीस ती पाच मिनिटं, तीही उभ्याउभ्या. तू डॉक्टर झालीस, मोठं संशोधन करतेस, याचा मला अभिमान आहे. पण ज्या शाळेत मी तुला चार वर्षं शास्त्र शिकवलं, जिथून पाच वर्षांपूर्वी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, तिथे तू माझ्याच नातीला चिमट्यात पकडलंस आणि हे मला तिच्या तोंडून कळावं?

नात म्हणजे नवसा. माझा भाऊ निवृत्ती घोटीजवळ भातशेती करतो, त्याच्या मुलाची मुलगी. पहिलीपासून शिकायला माझ्याकडे आहे, आता आठवीत गेली. तिने येऊन सांगितलं ते असं. डॉक्टरबाईंनी दंडाच्या मागची कातडी चिमट्याने धरून मोजली. मग बसने नेऊन डाव्या हाताचा एक्स-रे काढला. उजव्या हाताला सुई टोचली आणि तीन दिवसांनी तिथे उठलेली गांधी पट्टीने मोजली. शेवटी एका कागदावर लिहिलं, 'स्थूल'.

लता, मी कॉन्व्हेंटात शिकले ते वडील तिथे माळी होते म्हणून. मदर आम्हाला ताटात एक शीत टाकू देत नसत. 'लंका' हे नाव त्यांच्या जिभेला पेलेना, म्हणून त्या मला ल्युसी म्हणत, पण जेवण मात्र पूर्ण मराठी वाढत. मी नवसाला तेच वळण लावलं. ताट स्वच्छ करणं हा आजार कधीपासून झाला?

शिवाय नवसा गोळाफेक करते. पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत, चौदा वर्षांखालच्या गटात. मैदानावर तिला कोणी स्थूल म्हणत नाही. 'आली' म्हणतात आणि बाजूला होतात.

तेव्हा ही मापं कशासाठी घेतलीस ते सोप्या भाषेत लिही. मी शास्त्र शिकवलं असलं तरी निवृत्तीनंतर विसरण्याचा हक्क मला आहे.

तुझी, अजून न निवळलेली,
लंकाबाई

पुणे, १५ जुलै १९८१

आदरणीय बाईंना,

साष्टांग नमस्कार. पत्र उघडलं आणि आपोआप उभी राहिले. खोलीतल्या मैत्रिणीने विचारलं, कोणी वारलं का? म्हटलं, नाही, बाईंचं पत्र आहे.

पाच मिनिटं उभी होते कारण तुम्ही बसायला सांगितलं नाहीत.

आता अभ्यासाचं. मी तीस लठ्ठ आणि तीस साधारण बांध्याच्या मुली निवडल्या. चिमट्याने कातडीखालची चरबी कळते. डाव्या हाताच्या एक्स-रेत मनगटाजवळची लहान हाडं कितपत भरली आहेत ते पाहिलं, की हाडांचं वय काढता येतं. हे वय नेहमी जन्माच्या वयाइतकं नसतं. आणि ती गांधी म्हणजे शरीराने परक्या वस्तूला दिलेलं उत्तर. लठ्ठ मुलींचं शरीर हे उत्तर कमी जोरात देतं का, एवढंच मला बघायचं आहे. आमच्या मार्गदर्शक सरांना वाटतं, देतं. मला अजून काही वाटत नाही. मला तसंच शिकवलं गेलं आहे.

नवसाबद्दल सांगते. तिची गांधी उत्तम उठली. मी मोजत असताना ती म्हणाली, "जास्त आली तर बरं का कमी आली तर?" मी म्हटलं, आली तेवढी बरी. त्यावर म्हणाली, "मंग मापता कशाला?" या प्रश्नाचं उत्तर मी प्रबंधाच्या प्रस्तावनेत देणार आहे.

शाळेला सगळ्या मुलींचे आकडे पाठवले आहेत. आताच्या मुख्याध्यापिका रंगूबाईंनी मागितले म्हणून. ते त्यांच्याकडेच राहतील.

'स्थूल' हा शब्द छापील तक्त्यात आहे, बाई. मी त्यावर फक्त खूण केली.

आपली विद्यार्थिनी,
लता

नाशिक, २८ ऑगस्ट १९८१

चि. लता हीस,

भांडण मिटलं. तुला माफ केलं आहे आणि दोन गुण जास्तीचे दिले आहेत.

तुझे आकडे शाळेत पोचले. माझ्या जागी आलेल्या रंगूबाई फार भल्या. मात्र आकडा दिसला की त्या तो मोठ्याकडून लहानाकडे लावतात. त्यांनी तुझा तक्ता फळ्यावर सुवाच्य अक्षरात उतरवला आणि तो फळा दारातच टांगला. 'हाडांच्या वयात प्रथम क्रमांक: कु. नवसा, इयत्ता आठवी, पंधरा वर्षे. द्वितीय, साडेचौदा.' खाली उत्तेजनार्थ तीन. ज्या मुलींची हाडं वयाबरोबर होती त्या हिरमुसल्या. एकीची आई तर शिकवणी लावता येईल का विचारायला आली होती.

मी रंगूबाईंना म्हणणार होते की हा असा मिरवायचा निकाल नाही. पण घरातलं मूल पहिलं आलेलं बघून जीभ उचलली नाही. नवसा आयुष्यात प्रथमच कशात तरी पहिली आली. गणितात ती कुठे असते ते तुला सांगत नाही, तुझी जेवणावरची वासना उडेल.

आणि चारच दिवसांत ती दुसऱ्यांदा पहिली आली. जिल्ह्याच्या स्पर्धेत गोळा सात मीटर नव्वद. दुसरी आलेली मुलगी सव्वा मीटर मागे. आता नोव्हेंबरच्या अखेरीस राज्यस्पर्धेला कोल्हापूर. पोरगी तेव्हापासून जमिनीवर नाही. पंचवटीत भाजी घ्यायला गेलो तर तिने एक भोपळा उचलून तोलून पाहिला. भाजीवाली टोपलीसकट मागे सरली.

काल शाळेत दुसऱ्या शाळेचे एक शिक्षक आले होते, चंदर सर. त्यांचीच मुलगी दुसरी आली. फार खिलाडू वृत्ती. फळ्यासमोर उभे राहून नवसाचा निकाल वहीत उतरवून घेत होते. घाईत त्यांचं 'पंधरा' नीट उमटलं नव्हतं, ते मी त्यांच्याकडून ठळक करून घेतलं.

तुझी, आनंदात असलेली,
लंकाबाई

नाशिक, १९ सप्टेंबर १९८१

लता,

चि. लिहायचं सुचलं नाही. मी संतापले आहे.

चंदर सरांनी जिल्हा क्रीडा समितीकडे हरकत नोंदवली. नवसा वयचोर आहे म्हणे. पुरावा काय, तर पुण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून तिचं वय पंधरा ठरवलं आहे आणि निवृत्त मुख्याध्यापिकांनी स्वतः समोर उभं राहून ते ठळक करवून घेतलं आहे. ४ ऑक्टोबरला, रविवारी, सुनावणी. हरकत टिकली तर जिल्ह्याचं पदक परत, कोल्हापूर बंद, आणि नवसाच्या नावापुढे कायमचं 'लबाड'.

मी समितीचे अध्यक्ष मल्हारराव यांच्याकडे गेले. म्हटलं, शाळेच्या रजिस्टरात तिची जन्मतारीख १ जून १९६८ आहे. यंदाच्या डिसेंबरअखेर चौदा पुरी होत नाहीत. ते म्हणाले, "बाई, रजिस्टर कोणी लिहिलं?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "मुलगी कोणाची?" मी म्हटलं, माझी. ते नुसते हसले. मला आयुष्यात इतक्या सभ्यपणे कोणी खोटारडी म्हटलं नव्हतं.

तू ताबडतोब लिहून दे की एक्स-रे चुकला. आणि हेही सांग की आमच्या मुलीचं नाव तक्त्यात का होतं. ज्या डॉक्टर लोकांची मी मासिकं वाचते, ते मुलींना क्रमांक देतात, नावं देत नाहीत.

नवसा दोन दिवस नीट जेवलेली नाही. काल ताटात भाकरी उरली. मी काही बोलले नाही. ती म्हणाली, "आजी, आन्न टाकलं तरी तू रागवत नाय, म्हंजे लय मोठं झालंय." मग तिने स्वतःच ती भाकरी संपवली, पण रडत.

लंकाबाई

पुणे, २४ सप्टेंबर १९८१

आदरणीय बाईंना,

पत्र वाचलं. आता उभं राहायची हिंमत नाही, बसूनच लिहिते.

चूक माझी आहे. मागच्या पत्रात मी ती लपवली होती. तक्त्यात नुसते क्रमांक घालायचे असतात, सरांनी दोनदा बजावलं होतं. पण शाळा माझी, वर्ग माझा, तिथला बाक माझा. रंगूबाईंनी "आमच्या मुलींची नावं तरी लिही गं" म्हटलं आणि मी लिहिली. सरांना काल सांगितलं. ते जे बोलले ते तुमच्या तोडीचं होतं.

पण एक्स-रे चुकला असं मी लिहून देणार नाही. तो चुकलेला नाही. माझ्या तीस लठ्ठ मुलींपैकी एकोणीस जणींची हाडं वयाच्या वर्षभर किंवा जास्तच पुढे आहेत. लठ्ठ मुलींत हे पुष्कळदा दिसतं. हाडांचं वय पंधरा म्हणजे मुलगी पंधरा वर्षांची नव्हे, हे मी समितीला सहीशिक्क्यानिशी लिहिते. माझ्या प्रबंधाचा निम्मा भाग हेच सांगतो.

माझं पत्र एवढंच सांगेल की नवसा पंधराची नसू शकते. ती तेराची आहे, हे वेगळं सिद्ध करावं लागेल. आणि इथे, बाई, मला एक विचारायचं आहे. हात पुढे करून विचारते, छडी मारायची तर मारा.

तिची १ जून खरी आहे का?

कारण शाळेत माझीही १ जून आहे. माझी आई म्हणते, मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाले. तुम्ही आईला विचारलंत, "केव्हाची?" ती म्हणाली, "बैल रंगवलेले होते." तुम्ही मान डोलावलीत आणि १ जून लिहिलंत. मी सहा वर्षांची, तिथेच उभी होते.

आणखी एक. गांधी मोजायच्या आधी मी प्रत्येक मुलीला पूर्वी काय काय टोचलं आहे ते लिहून घेते, नाहीतर त्या मापाला अर्थ राहत नाही. नवसाच्या डाव्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण आहे. तिच्या लहानपणी देवी काढणारे गावोगाव फिरत. ते मुलाचं नाव, वय, तारीख वहीत लिहीत आणि आठ दिवसांनी लस उठली का ते बघायला पुन्हा येत. तुमच्या गावाला कोण येत असे?

लता

नाशिक, ३० सप्टेंबर १९८१

चि. लता हीस,

हात मागे घे. छडी माझ्याच हातावर पडायला हवी.

नाही. १ जून खरी नाही. नवसा दिवाळीच्या आधी आठ दिवस झाली, तेरा ऑक्टोबरच्या सुमाराला, तीही आजोळी. तिकडे जन्माची नोंद कोणी केली नाही. पहिलीत घालताना सहा पुरी नव्हती. मी साडेचार महिने वाढवले आणि टाक बुडवून १ जून लिहिली. ते मी सगळ्यांचंच करत होते. घरी कोणालाच तारीख माहीत नसे. कोणी पूर सांगे, कोणी लग्न, कोणी बैल. म्हणजे बघ, ज्या पोरीला मी खोटेपणाने मोठी केली, तिला मी लहान केली म्हणून आळ आला आहे. इतका उलटा आळ माझ्यासारख्या बाईवर यावा, याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी एसटीने गावी गेले. नवसाला बरोबर घेतलं. निवृत्ती म्हणाला, देवी काढायला सावळीराम यायचा, आता घोटीत घरीच असतो. तिथे गेलो. म्हातारा ओट्यावर बसून तांदूळ निवडत होता. मी काही सांगायच्या आधी त्याने नवसाचा दंड धरला, व्रणावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ह्यो माझाच हाय."

मी म्हटलं, कशावरून?

"दुसऱ्याचा येवढा गोल नाय येत." मग तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "लस लय मानवली पोरीला."

नवसा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

सावळीरामची पक्की वही कचेरीत जमा. पण कच्ची वही त्याने धान्याच्या कोठीवर जपून ठेवली होती, कारण साहेब लोक पक्क्या वहीत अक्षर बघत आणि कच्चीत खरं असे, असं त्याचं म्हणणं. त्यात सापडलं. 'ता. १८ जानेवारी १९६९. निवृत्तीची नात, नवसा. वय तीन महिने.' पुढे आठ दिवसांनंतरच्या तारखेला, 'फोड उठला. चांगला.' दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन पक्क्या वहीतली नक्कल काढली. कारकून म्हणाला, चार दिवसांनी या. मी त्याच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले आणि त्याच्या फाइली कशा रचायला हव्यात ते सांगायला लागले. वीस मिनिटांत शिक्का मिळाला.

आता रविवारी बघते एकेकाला.

लंकाबाई

नाशिक, ५ ऑक्टोबर १९८१

चि. लता हीस,

सविस्तर लिहिते, तू तिथे नव्हतीस याची तुला आयुष्यभर हळहळ वाटावी म्हणून.

समितीत सात जण. मल्हारराव मध्ये. बाजूला हरकत घेणारे चंदर सर. नवसा माझ्यामागे, नव्या फ्रॉकमध्ये. सुरुवातीलाच चंदर सर म्हणाले, "मुख्य मुद्दा असा की बाईंच्या रजिस्टरातल्या तारखेवर विश्वास कसा ठेवायचा? एक जून काय, कोणाचीही असते."

मी म्हटलं, अगदी बरोबर. ठेवू नका.

ते गोंधळले. त्यांनी तीन पानी भाषण आणलं होतं, ते सगळं वाया गेलं.

मी म्हटलं, समितीतल्या ज्या सभासदांची शाळेतली जन्मतारीख एक जून आहे, त्यांनी हात वर करावा. कोणी हलेना. तेव्हा मी वर्गात वापरायचे तो आवाज काढला. आधी कोपऱ्यातला एक हात वर गेला. मग दोन. मग आणखी एक. मी मल्हाररावांकडे बघत राहिले. ते छताकडे बघत होते. शेवटी टेबलावरून त्यांचा हात हळूहळू वर आला, कोपरापर्यंतच. सातांत पाच.

मी चंदर सरांना विचारलं, "आणि तुम्ही?" ते म्हणाले, "हा प्रश्न अप्रस्तुत आहे." नवसा मागून म्हणाली, "म्हंजे एक जूनच." खोलीत जे हसू फुटलं त्यात चंदर सरही सामील झाले. माणूस वाईट नाही. त्यांनाही त्यांची मुलगी कोल्हापूरला न्यायची होती, एवढंच.

मग मी उभी राहिले आणि सांगितलं की पस्तीस वर्षांत मी दोन-तीन हजार मुलींना एक जूनला जन्माला घातलं आहे, नवसाही त्यातलीच, आणि याचा दोष तिचा नाही, माझा आहे. लता, हे बोलताना मी दोनदा अडखळले. खोटं लिहिताना एकदाही अडखळले नव्हते. मग शिक्क्याची नक्कल ठेवली. सावळीराम वही काखेत घेऊन स्वतः आला होता. त्याने सगळ्यांना व्रण दाखवला, न विचारता. शेवटी तुझं पत्र वाचलं गेलं.

एक सभासद म्हणाले, "मग बाई, तो एक्स-रे खोटा का?"

मी म्हटलं, "एक्स-रे खरा आहे. मुलगी लठ्ठ आहे, म्हणून तिची हाडं पुढे धावतात. घाई तिच्या वयाला नाही, हाडांना आहे." हा शब्द मी नवसासमोर प्रथमच उच्चारला. मागे वळून बघायचा धीर झाला नाही. ती माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "आजी, मला माहीत होतं गं."

हरकत फेटाळली. सात विरुद्ध शून्य. आता तुला एक काम. तिने काय खावं, काय कमी करावं, ते नीट लिहून पाठव. मी पाळेन. गोळा मात्र कमी करणार नाही.

लंकाबाई

पुणे, १४ ऑक्टोबर १९८१

आदरणीय बाईंना,

पत्र आमच्या सगळ्या विभागात वाचून दाखवलं. सरांनी विचारलं, या बाई प्रबंधाच्या परीक्षक म्हणून मिळतील का. म्हटलं, मिळतील, पण मग पास कोणी होणार नाही.

जेवणाचा कागद सोबत आहे. त्यात उपास नाही. ताट स्वच्छ करावं, पण ते वाढणाऱ्याने आधी थोडं लहान घ्यावं. दूध ठेवा, हाडांना लागतं. तळण आठवड्यातून एकदा. धावणं रोज.

आणि गांध्यांचा निकाल. माझ्या साठ मुलींत लठ्ठ आणि साध्या यांच्यात काहीही फरक दिसला नाही. सर थोडे खट्टू झाले. मी खूश आहे. नवसाचं शरीर उत्तर द्यायला कोणापेक्षा कमी नाही, हे मला सुनावणीआधीच कळायला हवं होतं.

परीक्षेमुळे कोल्हापूरला येता येत नाही. निकाल लगेच कळवा.

लता

नाशिक, २ डिसेंबर १९८१

चि. लता हीस,

तिसरी आली. आठ मीटर बावीस. पदक पितळी आहे असं सगळे म्हणतात, ती कांस्य म्हणते आणि ते अंगावरून उतरवत नाही.

पहिल्या फेकीत पाय रेषेबाहेर गेला. दुसरी सहा मीटर. मग तिने पंचांना विचारलं, "जरा थांबता का?" आणि माझ्याकडे बघितलं. मी तिला मुलींनी सभेत आरडाओरडा करू नये असं जन्मभर सांगत आले. मदरनी मला तेच सांगितलं होतं. लता, मी खुर्चीवर चढले. काय ओरडले ते मला आठवत नाही. चंदर सर हौसेने आले होते, ते सांगतात की काही शब्द शाळेत उच्चारण्यासारखे नव्हते आणि एक इंग्रजी होता. गोळा गेला तो सरळ आठ मीटरच्या झेंड्यापलीकडे.

त्यानंतर माझा आवाज बसला. नुसता बसला नाही, गेलाच. इथल्या डॉक्टरांनी दहा दिवस एक अक्षर बोलायचं नाही असं बजावलं आहे. पाटीवर लिहून दिवस काढते. रंगूबाई रोज भेटायला येतात, मला उत्तर देता येत नाही याचं त्यांना फार सुख आहे.

आल्यागेल्याशी नवसाच बोलते. काल मल्हारराव अभिनंदनाला आले आणि म्हणाले, "आम्हाला पहिल्यापासून खात्री होती." मी पाटी उचलली. तेवढ्यात नवसा म्हणाली, "बसा ना काका. खात्री होती तर सुनावणी कशाला घेतली? फराळ करून सांगा, घाई नाही."

मी पाटी खाली ठेवली. तिने माझ्यापेक्षा कमी शब्दांत काम केलं होतं.

तुझी, निःशब्द,
लंकाबाई